कोलेस्टेरॉलवरच्या ‘नैसर्गिक’ बाटल्यांची रुजुवात

औषधांच्या दुकानाच्या गल्ल्यावर ज्याची बत्तीस वर्षे गेली, त्याला गिऱ्हाईक काय मागते यावरून गावाच्या प्रकृतीचा अदमास बांधता येतो. आणि अलीकडे माझ्यापुढे जो प्रश्न सर्वांत अधिक वेळा ठेवला जातो तो असा की, ‘कोलेस्टेरॉल वाढले आहे, गोळी सुरू करायची नाही, काही नैसर्गिक असेल तर द्या.’ विचारणारी मंडळी अजाण नसतात. एका हातात प्रयोगशाळेचा अहवाल, दुसऱ्या हातात मोबाइलवरची जाहिरात, आणि मनात ‘एकदा गोळी लागली की जन्माची लागली’ ही धास्ती, अशा स्थितीत ती येतात.

गेल्या पावसाळ्यात न्यायालयातून निवृत्त झालेले एक शिरस्तेदार कापडी पिशवी घेऊन आले आणि त्यांनी काउंटरवर पाच बाटल्या ओळीने मांडल्या: लसणाच्या कॅप्सूल, हळदीचा अर्क, माशाचे तेल, गुग्गुळाच्या गोळ्या, आणि परदेशातील मुलाने धाडलेली, लाल यीस्टच्या तांदळाची म्हणून लिहिलेली एक डबी. ‘यांतली कोणती घेऊ, एवढेच सांगा,’ ते म्हणाले. त्यांना जे सांगितले तेच येथे विस्ताराने लिहितो. कारण तोच प्रश्न आपल्यापैकी अनेकांचा आहे.

एक कबुली आधीच दिलेली बरी. किंमत-नियंत्रणातील औषधाची कमाल किंमत ठरवताना किरकोळ दुकानदाराचा नफा सरकार १६ टक्के धरते. ह्या बाटल्यांना तसली वेसण नाही. तेव्हा दुकानदार आपणांस कोणती वस्तू अधिक प्रेमाने दाखवतो, याकडे थोडे संशयाने पाहण्याचा आपणांस पूर्ण अधिकार आहे.

आधी अहवाल, मग बाटली

शिरस्तेदारांच्या अहवालात एकूण कोलेस्टेरॉल २४८, एचडीएल ४२ आणि ट्रायग्लिसराइड्स १९० होते. पुष्कळ प्रयोगशाळा एलडीएल थेट मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूणातून एचडीएल वजा करायचे आणि ट्रायग्लिसराइड्सचा पाचवा हिस्साही वजा करायचा. म्हणजे २४८ मधून ४२ गेले, ३८ गेले, राहिले १६८. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर असतील तर हा हिशेब भरवशाचा राहत नाही, आणि एलडीएल थेट मोजून घ्यावे लागते.

आपला निर्णय ज्या आकड्यावर करायचा तो हा एलडीएलचा. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत सर्वसाधारण व अल्प धोक्याच्या माणसासाठी १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी धोका अधिक असलेल्यासाठी ७० च्या खाली, आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यासाठी ५५ च्या खाली, अशी उद्दिष्टे घातली आहेत. अहवालाच्या उजव्या समासात छापलेली ‘सामान्य मर्यादा’ सर्वांसाठी एकच असते. आपले उद्दिष्ट मात्र आपल्या प्रकृतीवरून ठरते.

बाटली उघडण्यापूर्वी आणखी दोन गोष्टींची रुजुवात घ्यावी. थायरॉइडची ग्रंथी मंदावली की एलडीएल चढते, म्हणून टीएसएचची तपासणी झाली नसेल तर ती करून घ्यावी. ज्या बाईंना थायरॉइडचे उपचार हवेत त्यांनी वर्षभर लसूण गिळत बसण्यात हशील नाही. दुसरे असे की, कोणताही उपाय न करता, त्याच माणसाचे एलडीएल दोन आठवड्यांच्या अंतराने ५ ते १० टक्क्यांनी सहज हलते. ‘बाटली संपवली आणि बारा अंकांनी उतरले’ ह्या साक्षीची किंमत एवढ्यावरून आपणच करावी.

ह्या वाटेस कोणी जाऊच नये

खालीलपैकी कोणत्याही सदरात आपण बसत असाल तर पूरक पदार्थांचा प्रयोग औषधाच्या ऐवजी करू नये. करायचाच तर औषधासोबत, आणि तोही डॉक्टरांच्या कानावर घालून.

- झटका, बायपास, स्टेंट किंवा पक्षाघात होऊन गेलेला आहे.
- एलडीएल १९० किंवा त्याहून अधिक आहे. हे आनुवंशिक असू शकते, आणि घरातील इतरांचीही तपासणी करावी लागते.
- मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा जुना विकार आहे.
- वडील किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, अथवा आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली आहे.
- गर्भारपण आहे किंवा बाळ अंगावर पिते. येथे कोणतीही बाटली आपण होऊन घेऊ नये.

स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी नेहमीची, गोळी चालू असताना पाय दुखू लागले म्हणून ती परस्पर बंद करून बाटलीकडे वळणारे अनेक असतात. त्रास खरा असतो, त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश चाचणीत, स्टॅटिन सोसत नाही म्हणून सोडून दिलेल्या लोकांना काही महिने खरी गोळी आणि काही महिने दिसायला तशीच पण निःसत्त्व गोळी दिली, तेव्हा खऱ्या गोळीवर झालेल्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग निःसत्त्व गोळीवरही झाला. अशा वेळी मात्रा घटवणे, दुसरे स्टॅटिन देणे, दिवसाआड देणे किंवा एझेटिमाइबसारख्या वेगळ्या औषधावर नेणे, इतके मार्ग डॉक्टरांजवळ असतात. ते विचारल्याशिवाय चिठ्ठी फाडू नये.

पाच बाटल्यांची कैफियत

*लसूण, हळद, माशाचे तेल.* ह्या तिघांचा निकाल लवकर लागतो. २००७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी १९२ माणसांना सहा महिने कच्चा लसूण किंवा लसणाच्या दोन प्रकारच्या गोळ्या देऊन पाहिल्या. एलडीएल हलले नाही. पुढे २०२२ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकच्या चाचणीत १९० माणसांची विभागणी करून कोणास ५ मिलिग्रॅम रोझुव्हास्टॅटिन, कोणास निःसत्त्व गोळी, तर कोणास माशाचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, वनस्पतिज स्टेरॉल किंवा लाल यीस्टचा तांदूळ असे २८ दिवस दिले. स्टॅटिनने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी उतरले. सहा पूरकांपैकी एकही निःसत्त्व गोळीहून सरस ठरले नाही, आणि लसणाच्या गटात तर ते थोडे चढले. ह्या चाचणीचा खर्च त्याच स्टॅटिनच्या उत्पादक कंपनीने केला होता आणि मुदतही जेमतेम चार आठवड्यांची होती, हे दोन्ही ध्यानात ठेवूनच तिचे वजन करावे. पण इतकी मोठी तफावत केवळ पक्षपाताच्या खाती टाकता येत नाही. माशाच्या तेलाचा खरा प्रांत ट्रायग्लिसराइड्सचा आहे. एलडीएलसाठी ते घेणे म्हणजे कान दुखतो म्हणून डोळ्यांत थेंब घालणे. हळदीची आमटीत अडचण नाही, अडचण आहे ती शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क मिसळलेल्या तीव्र कॅप्सूलची. त्यांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी निरनिराळ्या देशांत झालेल्या आहेत.

*गुग्गुळ.* ह्याच्याविषयी मला ममत्व आहे, आणि म्हणूनच अधिक सावधपणे लिहितो. सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात सशांवर गुग्गुळाचे प्रयोग केले आणि १९६६ साली त्यावर प्रबंध सादर केला. ह्याच विदुषी पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या महासंचालक झाल्या. लखनौच्या केंद्रीय औषध अनुसंधान संस्थेने त्या कामातून गुग्गुळाचा प्रमाणित अर्क सिद्ध केला, १९८० च्या दशकात तो औषध म्हणून बाजारात आला, आणि आपल्याकडील चाचण्यांचे निष्कर्षही अनुकूल होते. परंतु २००३ साली अमेरिकेत १०३ माणसांवर आठ आठवडे जी काटेकोर चाचणी झाली, तीत गुग्गुळ घेणाऱ्यांचे एलडीएल उतरण्याऐवजी ४ ते ५ टक्क्यांनी चढले, निःसत्त्व गोळी घेणाऱ्यांचे ५ टक्क्यांनी उतरले, आणि गुग्गुळाच्या गटातील काहींच्या अंगावर पुरळ उठले. वैद्यमंडळी म्हणतील की, शोधन, अनुपान, पथ्य आणि रोग्याची प्रकृती यांना फाटा देऊन दिलेला अर्क म्हणजे आयुर्वेदातला गुग्गुळ नव्हे. ह्या आक्षेपात तथ्य आहे, मात्र तोच आक्षेप जाहिरात पाहून आपण होऊन विकत घेतलेल्या गोळीलाही तितकाच लागू पडतो. गुग्गुळ घ्यायचा असेल तर नाडी पाहणाऱ्या नोंदणीकृत वैद्यांकडून घ्यावा, आणि एलडीएलचा आकडा त्यांनाही दाखवावा. शिवाय कच्छ-राजस्थानातील हे झाड, डिंकासाठी वाटेल तसे चिरे पाडल्यामुळे, आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत जाऊन बसले आहे. ज्या मालाची अशी टंचाई, त्यात भेसळीचा मोह किती असेल हे दुकानदारास सांगावे लागत नाही.

*लाल यीस्टचा तांदूळ.* प्रथम एक गैरसमज दूर करतो: कोकणातला तांबडा उकडा तांदूळ तो हा नव्हे. हा पांढऱ्याच तांदळावर मोनॅस्कस नावाची बुरशी वाढवून चीनमध्ये पूर्वापार केला जाणारा पदार्थ आहे. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७९ साली ह्याच जातीच्या बुरशीतून मोनॅकोलिन-के हे द्रव्य वेगळे केले, आणि १९८७ साली अमेरिकेत जे लोव्हास्टॅटिन औषध म्हणून मंजूर झाले ते रासायनिकदृष्ट्या तेच द्रव्य होय. म्हणजे शिरस्तेदार ज्या गोळीला भिऊन पळत होते, तीच गोळी वेषांतर करून त्यांच्या पिशवीत बसली होती. फरक इतकाच की, औषधाच्या गोळीत १० मिलिग्रॅम लिहिले तर १० असतात. ह्या डब्यांत कधी नाममात्र, कधी भरघोस, आणि कधी सोबत सिट्रिनिन हे मूत्रपिंडास घातक विषही निघते. युरोपीय संघाने २०२२ साली अशा पूरकांत दिवसाला ३ मिलिग्रॅमपेक्षा कमीच मोनॅकोलिन असावे असा नियम केला. आता विचार करा: मात्रा परिणामकारक असेल तर ते स्टॅटिनच झाले, सर्व दुष्परिणामांसह, नसेल तर पैसे पाण्यात.

जे थोडेबहुत खरोखर उतरवते

येथे पिशवीत नसलेल्या वस्तूंची नावे येतात, आणि त्यांत पहिला मान इसबगोलाचा. हा शब्दच मूळ फारसी. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून ते नाव पडले असे सांगतात. बद्धकोष्ठाचे औषध म्हणून ज्याची ओळख, तोच भुसा आतड्यात पित्तातील आम्ले धरून बाहेर नेतो, यकृताला नवी आम्ले घडवावी लागतात, आणि त्यासाठी लागणारे कोलेस्टेरॉल ते रक्तातून ओढते. दिवसाला १० ग्रॅमच्या आसपास भुसा नेमाने घेतल्यास एलडीएल साधारण ५ ते १० टक्क्यांनी उतरते. माझ्या काट्यावर शीग लावलेला चहाचा चमचा चार ग्रॅमच्या आतबाहेर भरला; म्हणजे दिवसाला अडीच चमचे, दोन-तीन वेळांत विभागून. पेलाभर पाण्यात टाकून ढवळावे आणि लगेच प्यावे, वर आणखी पाणी घ्यावे. पेला ठेवून फोनवर बोलत राहिलात तर पाचच मिनिटांत त्याची खळ होते आणि चमचा तीत उभा राहतो. हीच खळ अपुऱ्या पाण्यामुळे घशात व्हावी असे कोणाला वाटणार नाही, म्हणून ज्यांना गिळण्याचा त्रास आहे किंवा आतड्याला अडथळा आहे त्यांनी हे घेऊ नये.

ओट्स आणि जव यांतही तसाच विद्राव्य तंतू असतो. त्याचे ३ ग्रॅम पोटात जाण्यासाठी सुमारे ७५ ग्रॅम कोरडे ओट्स लागतात. जव आणि जवस यांचा घोळ मात्र घालू नये: जव म्हणजे सातूचे धान्य, जवस म्हणजे अळशी. जवसाची चटणी जरूर खावी, पण चिमूटभर चटणीवर एलडीएलचा भार टाकू नये.

वनस्पतिज स्टेरॉल दिवसाला २ ग्रॅम, जेवणासोबत घेतल्यास ८ ते १० टक्के घट होते असे पूर्वीच्या अनेक चाचण्यांतून दिसले आहे. वर सांगितलेल्या २०२२ च्या चाचणीत ती दिसली नाही. महाग वस्तू आहे. माझे मत विचाराल तर तोच पैसा डाळी-भाजीवर खर्च करावा.

आता शिरस्तेदारांचा हिशेब पाहू. १६८ मधून इसबगोलाने ७ टक्के गेले तर उरतात १५६, आणि त्यांना रक्तदाब असल्यामुळे उद्दिष्ट होते ७०. ही वजाबाकी मी कागदाच्या पुडीवर करून दाखवली, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्याचे एलडीएल ११० आहे आणि धोका अल्प आहे, त्याचे काम मात्र इसबगोल आणि ताटातला बदल एवढ्यावर भागूही शकते.

लेबलाचा मजकूर कसा वाचावा

पुढच्या बाजूचे हृदयाचे चित्र सोडून बाटली फिरवा आणि मागचे बारीक अक्षर भिंगाने वाचा.

- चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल तर ती वस्तू कायद्याने *अन्न* आहे. तिच्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. पुढे ‘कोलेस्टेरॉलवर रामबाण’ आणि मागे ही सूचना, अशा परस्परविरोधी जबान्या एकाच बाटलीवर आढळतात.
- ‘आयुर्वेदिक औषध’ असे लिहिले असेल तर औषध-कायद्याखालील उत्पादन परवान्याचा क्रमांक पाहा. दोन्ही क्रमांक परवान्याचे आहेत, गुणाचा दाखला नव्हेत.
- मात्रा ‘एका कॅप्सूलमागे’ आहे की ‘एका वेळच्या सेवनामागे’? ठळक अक्षरांतील ५०० मिलिग्रॅम पुष्कळदा दोन कॅप्सूल मिळून असतात.
- ‘विशेष मिश्रण’ असे म्हणून घटकांचे एकत्र वजन दिले असेल आणि प्रत्येकाचे वेगळे दिलेले नसेल, तर ती बाटली खाली ठेवा.
- शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांच्या तेलावरील ‘कोलेस्टेरॉल-मुक्त’ ह्या शब्दाला काही अर्थ नाही. वनस्पतींत ते जवळजवळ नसतेच. पाहायची ती संतृप्त चरबी.

प्रयोग करायचाच तर

१. आरंभी लिपिड प्रोफाइल, टीएसएच आणि यकृताच्या तपासण्या करून कागद जपून ठेवा.

२. एका वेळी एकच वस्तू सुरू करा. पाच बाटल्या एकदम उघडल्या तर श्रेय कोणाचे आणि पुरळ कोणामुळे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

३. वहीत तारीख, मात्रा आणि महिन्याचा खर्च लिहा. त्याच पानावर ॲटोर्व्हास्टॅटिनचा महिन्याचा खर्च मांडा. हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि जनऔषधी केंद्रात त्याची किंमत विचारून पाहण्यासारखी आहे.

४. बारा आठवड्यांनी, त्याच प्रयोगशाळेत पुन्हा तपासा. दहा टक्क्यांहून कमी फरक पडला असेल तर दोन-तीन आठवड्यांनी आणखी एकदा तपासल्याशिवाय तो खरा मानू नका.

५. उद्दिष्ट गाठले नाही तर मुदतवाढ देऊ नका.

औषधांशी भांडणारी बाटल्यांची जात

चालू औषधांची यादी दाखवल्याशिवाय कोणतीही बाटली घेऊ नये, आणि दुकानदाराने विचारले नाही तर आपण होऊन सांगावे.

- *लाल यीस्टचा तांदूळ:* स्टॅटिनसोबत कदापि नको. क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या प्रतिजैविकासोबत स्नायू झिजण्याचा धोका वाढतो. लघवी गडद झाली, अंग फार दुखू लागले, तर बाटली बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.
- *गुग्गुळ:* प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटवतो.
- *लसणाच्या कॅप्सूल, माशाचे तेल:* रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत रक्तस्राव वाढू शकतो. शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांस सांगावे.
- *बर्बेरिन,* म्हणजे दारुहळदीतले द्रव्य: मधुमेहाच्या औषधांसोबत साखर एकाएकी उतरू शकते.
- *इसबगोल:* थायरॉइडच्या व इतर गोळ्यांपासून निदान दोन तासांचे अंतर ठेवा, नाहीतर तो त्याही आपल्यासोबत बाहेर नेतो.

आपले हक्क आणि तक्रारीची रीत

पावती मागून घ्या. ती न देणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये अनुचित व्यापारी प्रथा आहे. हृदयरोग किंवा धमनीकाठिन्य बरे करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय अधिनियमानेच मनाई केली आहे, त्यामुळे अशी जाहिरात आढळल्यास तिचे कात्रण किंवा छायाचित्र तारखेसह ठेवून अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. ग्राहक म्हणून तक्रार राष्ट्रीय हेल्पलाइनच्या १९१५ ह्या क्रमांकावर नोंदवता येते. ती निष्फळ ठरली तर जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या मुदतीत जावे, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. अपाय झाल्यास उरलेल्या गोळ्या फेकू नका. बाटली, पावती आणि तपासण्यांचे कागद एकत्र ठेवून १८००-१८०-३०२४ ह्या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या क्रमांकावर कळवा. डॉक्टरच कळवू शकतात, रोगी नाही, असा समज चुकीचा आहे.

एक हक्क फार थोड्यांना ठाऊक असतो. अन्नसुरक्षा अधिनियम, २००६ च्या कलम ४० अन्वये सामान्य खरेदीदारही शुल्क भरून अन्न-विश्लेषकाकडून वस्तूची तपासणी करून घेऊ शकतो, आणि माल कायद्यास धरून नाही असे ठरल्यास ते शुल्क परत मिळते. अट एवढीच की, ‘मी हे तपासणीस देणार आहे’ असे विक्रेत्यास खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. हे वाक्य मी शिरस्तेदारांना शिकवले, तर पुढच्या आठवड्यात त्यांनी ते प्रथम माझ्याच काउंटरवर, इसबगोलाचा डबा घेताना, मोठ्याने उच्चारले.